पुढच्या शिफ्टमधला माणूस

लग्नाच्या बायोडेटात शिक्षण, पगार, उंची आणि रास यांच्याबरोबर एक शब्द हमखास असतो : निर्व्यसनी. दिवसाला आठ कप चहा पिणारा निर्व्यसनी असतो. रात्री तीनपर्यंत रील्स बघणाराही असतो. रविवारीसुद्धा लॅपटॉप न मिटणारा तर निर्व्यसनी असतोच, वर कष्टाळूही असतो. सिगरेट ओढणारा मात्र नसतो. हा एक शब्द माणसाचा निकाल लावून मोकळा होतो. तो ओढतो का आणि कधीपासून, हे कोणी विचारत नाही.

संस्कृतात 'व्यसन' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक आपल्या ओळखीचा : वाईट नाद. दुसरा : संकट, आपत्ती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे. त्यात शिकार, जुगार, मद्य हे राजाचे नाद आहेत, तशी आग, पूर, रोगराई आणि दुष्काळ ही राज्यावर येणारी संकटंही आहेत. एकाच शब्दाखाली दोन्ही. मराठीत येईपर्यंत दुसरा अर्थ गळून पडला आणि फक्त नाद उरला.

हा गळून पडलेला अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. कामामुळे आलेली सततची धास्ती, तिच्या मागून आलेलं नैराश्य आणि रोजच्या दहा-बारा सिगरेटी हे सगळं एकाच माणसात एकत्र नांदत असेल, तर त्याला काय म्हणायचं, दोष की आपत्ती? हा प्रश्न पुस्तकी नाही. दोष म्हटलं की लाज वाटते, आणि लाज वाटली की हात पाकिटाकडे जातो. आपत्ती म्हटलं की हात वर करता येतात, 'आपल्या हातात काय आहे' म्हणता येतं, आणि मग तोच हात पाकिटाकडे जातो. दोन्ही उत्तरं टपरीवरच नेऊन सोडतात. म्हणून मला तिसरं उत्तर हवं होतं. ते शोधण्याचा हा प्रयत्न.

पाच मिनिटांची परवानगी

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, पुण्यात बॅकएंड इंजिनिअर आहे. सिगरेट इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी सुरू झाली, सबमिशनच्या रात्री. तेव्हा दिवसाला दोन-तीन. दुसऱ्या नोकरीत ऑन-कॉल सुरू झाला आणि आकडा दहाच्या वर गेला.

ज्यांना ऑन-कॉल माहीत नाही त्यांच्यासाठी : आठवडाभर, चोवीस तास फोन हाताशी ठेवायचा. सिस्टिम पडली की अलार्म वाजतो. रात्रीचे अडीच असोत की भावाचं लग्न असो, पंधरा मिनिटांत लॅपटॉपसमोर हजर. आमच्या टीममधून दोन जण सोडून गेले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, तेव्हा माझा नंबर दर दुसऱ्या आठवड्याला येऊ लागला. वर्षभरात अशी अवस्था झाली की रिक्षात कोणाच्या तरी फोनवर त्या अलार्मसारखी ट्यून वाजली तरी छातीत धडधडायचं. मग धडधडही कमी झाली आणि तिच्या जागी काहीच वाटेनासं झालं. अंघोळ हे काम वाटायचं. रविवारी दुपारी जेवण झालं की सोमवार सुरू व्हायचा. सायकिॲट्रिस्टकडे गेलो. गोळ्या सुरू झाल्या, पंधरा दिवसांतून एकदा काउन्सेलिंग सुरू झालं. दोन्ही आजही चालू आहे.

या सगळ्यात सिगरेट नेमकं काय करत होती? निकोटिनचं पुढे बोलू. आधी टपरीचं बोलू, कारण ऑफिसमधली सिगरेट ही आधी एक परवानगी असते.

आमच्या फ्लोअरवर कोणी दहा मिनिटं नुसता खिडकीबाहेर बघत उभा राहिला, तर 'काय रे, बरं आहे ना?' असं विचारतात, किंवा विचारत नाहीत आणि लक्षात ठेवतात. तोच माणूस 'खाली जाऊन येतो' म्हणाला तर काहीच प्रश्न नसतो. दमलोय म्हणून उठणं हा कमकुवतपणा आणि तलफ आली म्हणून उठणं हे नैसर्गिक, असा एक अलिखित नियम आहे. थकव्याला सुट्टी नाही, तलफेला आहे. आमचा एक मित्र सिगरेट ओढत नाही, तरी दिवसातून चार वेळा आमच्याबरोबर खाली येतो, कटिंग घेतो आणि आमचा धूर खातो. त्या पाच मिनिटांची ती फी आहे.

टपरीवर आणखीही बरंच मिळतं. कुठला प्रोजेक्ट बंद होणार, अप्रेझलमध्ये कोणाचं काय झालं, कोण कुठे इंटरव्ह्यू देतंय, हे मीटिंगमध्ये कळत नाही, टपरीवर कळतं. वर्षभर एक ओळीच्या पलीकडे न बोललेला मॅनेजर तिथे लायटर मागतो आणि माणसासारखा बोलतो. टीममधल्या मुली या वर्तुळाच्या बाहेर राहतात. त्यांच्यातली एखादी ओढत असेल, तर तिच्याकडे बघणाऱ्यांच्या नजरा वेगळ्याच असतात. तेव्हा सिगरेट सोडणं म्हणजे फक्त एक रसायन सोडणं नाही. दिवसातली एकमेव मान्य विश्रांती, बातम्यांचा झरा आणि तीन-चार माणसांशी असलेला मोकळेपणा, हे सगळं एकदम सोडणं. 'इच्छाशक्ती पाहिजे' म्हणणाऱ्यांना हा हिशेब दिसत नाही.

आग लावणाराच बंब घेऊन येतो

आता निकोटिन. झुरका घेतल्यावर ते काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की सवय झालेला मेंदू तक्रार करतो. चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, मन खट्टू होणं, झोप बिघडणं. ही यादी आणि एंग्झायटीची यादी शेजारी ठेवून बघा. अर्ध्याहून जास्त ओळी सारख्या आहेत.

म्हणजे दुपारी चार वाजता जी बेचैनी येते ती रिलीजच्या डेडलाइनची आहे की दोन वाजता विझवलेल्या सिगरेटची आहे, हे आतून ओळखता येत नाही. सिगरेट पेटवली की दोन मिनिटांत बरं वाटतं, आणि आपण म्हणतो, 'बघ, टेन्शनवर हिचाच उपाय.' आग लावणाराच बंब घेऊन येतो आणि आपण दर वेळी त्याचे आभार मानतो.

२०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याविषयीच्या २६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. सिगरेट सोडलेल्यांमध्ये, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, चिंता, नैराश्य आणि ताण कमी झालेला दिसला. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही तसंच चित्र होतं. अशा अभ्यासांतून 'सोडल्यामुळेच बरं वाटलं' हे सिद्ध होत नाही. ज्यांना बरं वाटू लागलं त्यांनाच सोडणं जमलं, असंही काही प्रमाणात असू शकतं. पण 'आधी डोकं ठिकाणावर येऊ दे, मग सिगरेटचं बघू' हा जो समजूतदार वाटणारा सल्ला मित्र देतात, तो त्यानंतर तितकासा समजूतदार वाटत नाही. सोडण्यासाठी मदत करणाऱ्या औषधांबद्दलही अशीच भीती होती, की त्यांनी मन आणखी बिघडेल. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, आठ हजारांहून जास्त लोकांवरच्या एका मोठ्या चाचणीत या औषधांनी मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही. त्यात सुमारे निम्मे लोक मानसिक आजार असलेले होते.

पण सरासरी म्हणजे माझा मंगळवार नव्हे. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात आणि पुढचे तीन-चार आठवडे खडबडीत. त्या काळात नैराश्य वाढल्यासारखं वाटतं. कधी खरंच वाढतंही. म्हणून आधीच उपचार चालू असलेल्यानं हे डॉक्टरांना सांगून करायचं असतं. त्याचं आणखी एक कारण मला माझ्या डॉक्टरांमुळे कळलं. सिगरेटच्या धुरातले काही घटक यकृतातल्या एका एन्झाइमला जास्त कामाला लावतात आणि ते एन्झाइम कॅफिन भराभर मोडून टाकतं. धूर थांबला की तेवढ्याच कॉफीतलं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. काही मानसोपचाराच्या गोळ्यांचंही असंच होतं आणि त्यांचा डोस पुन्हा बघावा लागतो. सिगरेट सोडल्यावर हात थरथरतात, झोप उडते, आणि त्यातला काही भाग तर नेहमीच्याच पाच कॉफींचा असतो! मी कॉफी निम्म्यावर आणली आणि दोन रात्रींत फरक पडला.

परक्या माणसासाठी

एवढं सगळं माहीत असूनही हात पाकिटाकडे जातो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो : इच्छा नसतानाही, जणू कोणी बळानं ढकलावं तसा, माणूस पाप का करतो? कृष्णाचं उत्तर आहे काम आणि क्रोध. मन शाबूत असलेल्या माणसासाठी ते उत्तर चांगलं आहे. पण नैराश्यात वासना अनावर झालेली नसते. उलट कशाचीच इच्छा उरलेली नसते. सिगरेटचीसुद्धा फार नाही. ती फक्त सगळ्यात कमी कष्टाची गोष्ट असते.

आणि इथे सोडण्याची नेहमीची कारणं निकामी होतात. पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापणारा तो भयानक फोटोचा इशारा काय सांगतो? पंचावन्नाव्या वर्षी तुझं असं होईल. पण ज्याला पुढचा गुरुवार दिसत नाही त्याला पंचावन्नावं वर्ष कुठून दिसणार? 'स्वतःवर प्रेम करा' हे इन्स्टाग्रामवरचं वाक्य नैराश्यात वाचलं की पाय मोडलेल्याला 'जरा पळून बघ' म्हटल्यासारखं वाटतं. भविष्यातल्या स्वतःसाठी काही करायचं तर तो 'स्वतः' आपला वाटावा लागतो. नैराश्य आधी नेमकं तेच नातं तोडतं.

डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाच्या १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात एक मुलगा आहे. पन्नास वर्षांनी आपल्याला याचा त्रास होईल हे ठाऊक असून, त्याची फारशी पर्वा न करता, तो सिगरेट ओढायला लागतो. पार्फिटचं म्हणणं असं की त्या मुलाला पन्नास वर्षांनंतरचा स्वतः हा जवळपास दुसरा माणूस वाटतो. आणि तसं असेल, तर दुसऱ्या माणसाशी जे वागणं चूक ठरेल ते भविष्यातल्या स्वतःशी वागणंही चूकच.

यातला अर्धा भाग मला मनापासून पटतो आणि अर्धा चालत नाही. 'हे चूक आहे' ही छडी नैराश्यातल्या माणसाच्या पाठीवर आधीच पुष्कळ वेळा पडलेली असते. आणखी एक पडून काही होत नाही. पण 'तो दुसरा माणूस आहे' ही कल्पना मला मोठी सुटका वाटली. कारण स्वतःवर प्रेम नसतानाही आपण परक्यांसाठी खूप काही करतो. धावत येणाऱ्यासाठी लिफ्टचं दार धरतो. अगदी वाईट दिवसातही धरतो. तिथे प्रेम लागत नाही, साधी माणुसकी पुरते.

माझ्या धंद्यात याचं रोजचं उदाहरण आहे. ऑन-कॉलची शिफ्ट संपली की हँडओव्हर लिहायचा असतो. काय बिघडलं, काय तात्पुरतं जोडून ठेवलंय, कुठे लक्ष ठेवायचं. पुढचा माणूस कोण आहे याला महत्त्व नाही. तो मला आवडतो का, यालाही नाही. माझ्या सगळ्यात वाईट महिन्यांत, जेव्हा मी आईचे फोन उचलत नव्हतो, तेव्हाही मी हँडओव्हर नीट लिहीत होतो. पहाटे चार वाजता पेटलेली सिस्टिम कुणा अनोळखी माणसाच्या गळ्यात घालून झोपून जायचं नाही, एवढी एक गोष्ट माझ्यात शाबूत होती.

मग मी तेवढ्यावरच उभं राहायचं ठरवलं. उद्या सकाळी या अंथरुणातून जो उठेल तो पुढच्या शिफ्टमधला माणूस. मला त्याच्यावर प्रेम करायची गरज नाही. तो सुखी होईल यावर विश्वास ठेवायचीही नाही. त्याच्या हातात आजच्यापेक्षा जास्त बिघडलेली सिस्टिम द्यायची नाही, बस. पंचावन्नाव्या वर्षाचा माणूस दिसत नसेल तर नसो, उद्या सकाळचा दिसतो. दहाव्या सिगरेटनंतरचा खोकला आणि अर्धवट झोप त्याच्याच वाट्याला जाणार आहे.

दोष एक, जबाबदारी दुसरी

आमच्याकडे मोठी सिस्टिम पडली की नंतर पोस्टमॉर्टेम होतं. चांगल्या टीममध्ये त्याचा एक नियम असतो : कोणाचा दोष, हे विचारायचं नाही. चुकीचं बटण एका माणसानं दाबलेलं असतं, पण एका बटणानं सगळं कोसळू शकतं हे कोणी आणि कसं चालू दिलं, तिकडे बघायचं. बाहेरच्यांना वाटतं, म्हणजे सगळे सुटले. तसं नसतं. त्या कागदाच्या शेवटी कामांची यादी असते आणि प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव असतं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. दोष कोणाचा आणि जबाबदारी कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोष मागे बघतो, जबाबदारी पुढे. व्यसन हे संकटासारखं आलेलं असू शकतं आणि तरीही त्यातली काही कामं माझ्या नावावर असू शकतात. पुरात घर बुडालं तर त्यात माझा दोष नाही, पण गाळ उपसायला मलाच वाकावं लागतं. आणि तो उपसताना शेजाऱ्यांची मदत मागण्यात कमीपणा नाही.

मात्र यादी प्रामाणिक असेल तर तिच्यात फक्त माझं नाव येत नाही. माझ्या नावावर आहे : निकोटिनचा पॅच, च्युइंगगम, डॉक्टरांची तारीख, कमी कॉफी, आणि तलफ आली की वेळ काढणं, कारण ती सहसा काही मिनिटांत ओसरते. कंपनीच्या नावावर आहे : ऑन-कॉलची पाळी. मानसिक आरोग्यावरचा वेबिनार दुपारी तीनला आणि रिलीज त्याच रात्री दोनला, हे चालणार नाही. मी मॅनेजरला लेखी मागितलं की माझी पाळी चार आठवड्यांतून एकदा यावी. तीन आठवड्यांतून एकदा मिळाली. हा विजय नाही, पण माझ्या श्वासाच्या व्यायामांनी जेवढं झालं नसतं तेवढं त्या एका ओळीनं झालं. कामाच्या रचनेतला बिघाड माणसाच्या मनातला बिघाड म्हणून खपवणं ही आजची सर्रास पद्धत आहे. आपण शांत बसून दीर्घ श्वास घेत राहिलो की ती आणखी सोयीची होते.

सरकारच्या नावावरही आहे. महाराष्ट्रानं २०२० मध्ये सुट्या सिगरेटच्या विक्रीवर बंदी घातली. आमच्या ऑफिससमोर सिगरेट सुटीच मिळते आणि सुतळीला बांधलेला लायटर दिवसभर लटकत असतो. सुट्या विक्रीमुळे तो फोटो छापलेलं पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात कधी येतच नाही. पण दोन चांगल्या गोष्टीही आहेत आणि त्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतात : तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारी १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन, आणि मन फारच खाली गेलं तर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस, १४४१६. नको ते विचार येत असतील तर दुसरा नंबर आधी.

आणि घराच्या नावावर? आईला सिगरेटचं माहीत आहे. तिला माहीत आहे हे मला माहीत आहे. तरी आमच्या घरात हा विषय नाही. गोळ्यांचाही नव्हता. सिगरेट हा वाईट संगतीचा परिणाम आणि नैराश्य हा 'फार विचार करतोस' याचा, म्हणजे दोन्ही माझेच गुण. मागच्या महिन्यात मी तिला गोळ्यांचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'जेवणाआधी घेतोस की नंतर?' तिच्या नावावरचं काम तिनं तेवढ्यात उचललं होतं.

नोंदवही

इतालो स्वेव्हो या इटालियन लेखकाच्या १९२३ सालच्या कादंबरीचा नायक झेनो आयुष्यभर 'शेवटची सिगरेट' ओढत राहतो. त्या शेवटच्या सिगरेटींच्या तारखा तो पुस्तकांत, भिंतींवर लिहून ठेवतो. छान दिसणारी तारीख मिळाली की पुन्हा एक शेवटची. शंभर वर्षं झाली, आपण तेच स्ट्रीक म्हणून ॲपमध्ये करतो. आकडा मोडला की सगळं मोडलं असं वाटतं, आणि मग मोडलंच आहे तर पाकीट संपवू या. याआधी मी दोनदा सोडली होती, एकदा सतरा दिवस आणि एकदा सव्वा महिना. दोन्ही वेळा आकडा मोजत होतो.

या वेळी मोजत नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात सोडली, आता नवरात्र आलंय, एवढंच सांगता येईल. आकड्याऐवजी रोज रात्री तीन ओळी लिहितो. आज काय बिघडलं, काय तात्पुरतं जोडून ठेवलं, उद्याच्या माणसानं कुठे लक्ष ठेवावं. उद्या एखादी ओढलीच, तर तीही त्यात लिहिली जाईल, किती वाजता आणि कशानंतर. नोंद वाढेल, वही फाडायची नाही.

नैराश्य गेलेलं नाही. रविवार दुपार अजून जड जाते. दुपारी चार वाजता मी आता ऑफिसच्या मागच्या जिन्यात जाऊन पाच मिनिटं बसतो, हातात काही नसताना. पहिल्यांदा कोणी विचारलं, 'इथे काय करतोयस?' तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आता सांगतो, 'काही नाही, दमलोय.' परवा टीममधली एक मुलगी येऊन दोन पायऱ्या सोडून बसली. ती सिगरेट ओढत नाही, त्यामुळे तीन वर्षांत तिला अशी पाच मिनिटं कधी मिळालीच नव्हती. आम्ही काही बोललो नाही. चार वाजून सात मिनिटांनी उठलो आणि वर गेलो.